मोबाइल ॲपचे कॉम्पोनंट एडिटरमध्ये कसे तयार करावेत आणि कसे शोधावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: रिॲक्ट नेटिव्ह (मोबाइल ॲप बनवण्याची चौकट) आणि टाइपस्क्रिप्ट (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट) वापरून एक ॲप व्हीएस कोड या एडिटरमध्ये लिहिले जात आहे आणि कॉम्पोनंटची, म्हणजे स्क्रीन बनवणाऱ्या सुट्या भागांची, संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे. नवा कॉम्पोनंट हवा असला की जुन्या फाइलीची नक्कल करून नावे बदलावी लागतात, आणि स्क्रीनवर दिसणारा एखादा भाग नेमका कोणत्या फाइलीत लिहिला आहे हे शोधण्यात बराच वेळ जातो. यासाठी कोणते एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायची पूरक सोय, घ्यावे?

एक्स्टेन्शनचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे मत आहे. एडिटर एखादा कॉम्पोनंट शोधून देतो तो त्याच्या नावावरून, फाइलीच्या नावावरून आणि तो कशा रीतीने एक्स्पोर्ट केला आहे, म्हणजे इतर फाइलींना वापरायला दिला आहे, यावरून. आणि या तिन्ही गोष्टी कॉम्पोनंट लिहायला घेतल्याच्या पहिल्या मिनिटात ठरून जातात. त्यामुळे तयार करणे आणि शोधणे हे वरवर दोन प्रश्न वाटले तरी व्यवहारात तो एकच प्रश्न आहे. ज्या प्रकल्पात शोधणे अवघड झाले आहे तेथे बहुतेक वेळा तयार करतानाच काहीतरी निसटलेले असते.

सुरुवात नावापासून करू. रिॲक्टमध्ये कॉम्पोनंटच्या नावाचे पहिले अक्षर कॅपिटल असावे लागते, आणि ही केवळ शिस्त नसून नियम आहे. टॅगचे, म्हणजे कोनी कंसात लिहिलेल्या नावाचे, पहिले अक्षर लहान असेल तर रिॲक्ट त्याला अंगभूत घटक समजतो. रिॲक्ट नेटिव्हला तसा घटक सापडला नाही की लाल स्क्रीनवर व्ह्यू कॉन्फिगविषयी एक लांबलचक तक्रार येते, आणि नाव कॅपिटल अक्षराने सुरू करा ही कामाची सूचना त्या तक्रारीच्या अगदी शेवटी असते. नवखी मंडळी तिथवर वाचत नाहीत आणि तासभर भलतीकडेच शोधत बसतात.

नाव नुसते नियमात बसून भागत नाही, ते एकमेव असावे लागते. ‘कार्ड’, ‘हेडर’, ‘आयटम’ अशी नावे लिहिताना सोपी वाटतात, पण सहा महिन्यांनी कंट्रोल+टी दाबून प्रकल्पभरात ‘कार्ड’ हे नाव शोधले की एकाच नावाच्या डझनभर ओळी समोर येतात. म्हणून ‘ऑर्डरकार्ड’, ‘प्रोफाइलहेडर’ असे विषयासह नाव द्यावे, आणि पूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या कॉम्पोनंटच्या नावाअखेरीस न चुकता ‘स्क्रीन’ लावावे. फाइलीचे नावही अक्षरशः तेच असावे. प्रत्येक कॉम्पोनंटला स्वतंत्र फोल्डर आणि आत ‘इंडेक्स’ नावाची फाइल, ही पद्धत लोकप्रिय आहे, परंतु तिच्यामुळे वरच्या पट्टीत ‘इंडेक्स’ नावाचे पंधरा टॅब उभे राहतात. व्हीएस कोड अशा वेळी शेजारी फोल्डरचे नाव दाखवतो, आणि २०२४ पासून टॅबचे लेबल स्वतः ठरवण्याची सेटिंगही आहे, तरीही मी हे दुखणे मुळातच टाळतो: फोल्डर ठेवायचे असेल तर ठेवावे, पण कॉम्पोनंट ‘ऑर्डरकार्ड’ नावाच्या फाइलीतच लिहावा आणि ‘इंडेक्स’ फाइलीत फक्त पुन्हा एक्स्पोर्ट करणारी एक ओळ असावी. टाइपस्क्रिप्ट अशी मधली ओळ ओलांडून मूळ व्याख्येपर्यंत पोहोचते, त्यामुळे व्याख्येवर नेणारी एफ१२ कळ दाबल्यावर काही बिघडत नाही.

आता एक्स्पोर्ट. डिफॉल्ट एक्स्पोर्ट केलेली गोष्ट इम्पोर्ट करणारा हव्या त्या नावाने घेऊ शकतो. मूळ फाइलीत ‘ऑर्डरकार्ड’ असलेला कॉम्पोनंट एका सहकाऱ्याने ‘कार्ड’ म्हणून आणि दुसऱ्याने ‘ऑर्डररो’ म्हणून घेतला, तर शब्दाने शोधणाऱ्याला दोन्ही वापर सापडत नाहीत. नावासह एक्स्पोर्ट केले की ही मोकळीक जाते. नाव बदलायचेच असेल तर ते इम्पोर्टच्या ओळीत उघडपणे लिहावे लागते. नेव्हिगेशनसाठी किंवा आळशी लोडिंगसाठी (भाग गरज पडेल तेव्हाच आणण्यासाठी) डिफॉल्ट एक्स्पोर्ट आवश्यक असेल तेथे तो अवश्य करावा, पण फंक्शनला नाव देऊनच करावा. बिननावी ॲरो फंक्शन थेट डिफॉल्ट एक्स्पोर्ट केले तर प्रकल्पभराच्या सिम्बॉल (कोडमधली नावे) शोधाला पकडायला नावच उरत नाही. ‘मेमो’ किंवा ‘फॉरवर्डरेफ’ या रिॲक्टच्या वेष्टन-फंक्शनांमध्ये कॉम्पोनंट गुंडाळतानाही हीच काळजी घ्यावी. आतले फंक्शन बिननावी असेल तर एडिटरच्या आउटलाइनमध्ये (फाइलीतल्या नावांच्या यादीत) ‘मेमो कॉलबॅक’ अशी निरुपयोगी नोंद दिसते, आणि रिॲक्टच्या डेव्हटूल्स या तपासणी-साधनातल्या कॉम्पोनंटच्या झाडातही नावाऐवजी ‘अनॉनिमस’ किंवा नुसते ‘फॉरवर्डरेफ’ दिसू शकते. आत नाव असलेले साधे फंक्शन लिहिले की दोन्हीकडचा घोळ मिटतो.

एका फाइलीतून कॉम्पोनंटबरोबर स्थिरांक आणि मदतनीस फंक्शनेही एक्स्पोर्ट करण्याचा मोह टाळावा. रिॲक्ट नेटिव्हच्या ०.६१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, फास्ट रिफ्रेश ही सोय आहे: फाइल जतन करताच केवळ तेवढा भाग नव्याने रंगवला जातो आणि शक्य असेल तेथे स्टेट, म्हणजे कॉम्पोनंटने लक्षात ठेवलेली माहिती, टिकून राहते. पण फाइलीतून कॉम्पोनंटखेरीज काही बाहेर जात असेल तर तिला इम्पोर्ट करणाऱ्या फाइलीही पुन्हा चालवल्या जातात, आणि त्यांपैकी एखादी रिॲक्टच्या झाडाबाहेरची असेल तर संपूर्ण ॲप पुन्हा लोड होते. चार पायऱ्यांचा फॉर्म भरून तिसऱ्या पायरीवरचा रंग तपासताना हे दर वेळी घडू लागले की फाइल वेगळी करण्याचे महत्त्व आपोआप पटते.

फाइलीच्या नावातील कॅपिटल अक्षरांबद्दल एक अनुभव सांगतो. एका प्रकल्पात मी ‘ऑर्डरकार्ड’ फाइलीच्या नावातील मधले एक अक्षर लहानाचे कॅपिटल केले आणि इम्पोर्टही दुरुस्त केले. माझ्या यंत्रावर सगळे व्यवस्थित चालले, बिल्ड करणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर मात्र ‘मॉड्यूल सापडत नाही’ असा संदेश येऊन सगळे थांबले. विंडोज आणि मॅक यांच्या फाइल व्यवस्था सहसा लहान-मोठे अक्षर सारखेच मानतात, त्यामुळे गिटला, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला, तो बदल दिसलाच नव्हता. सर्व्हरवर फाइल जुन्याच नावाने गेली होती. त्यानंतर मी असे नामांतर नेहमी ‘गिट एमव्ही’ आज्ञेनेच करतो. त्या दिवशी अर्धी दुपार मी कॅशे पुसण्यात घालवली, हे कबूल करायला हवे.

नवी फाइल तयार करण्यासाठी नक्कल करण्याची गरज नाही. एक्सप्लोररमध्ये नवी फाइल निवडून नावाच्या जागी तिरकी रेघ देत पूर्ण मार्ग लिहिला तर मधली फोल्डरे आपोआप तयार होतात. आतला सांगाडा स्निपेटने, म्हणजे जतन केलेल्या कोडच्या साच्याने, भरावा. कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून स्निपेट कॉन्फिगर करण्याची आज्ञा निवडल्यास ते फक्त स्वतःसाठी ठेवायचे की प्रकल्पासाठी, असे विचारले जाते. प्रकल्पासाठीचे निवडले तर ती फाइल ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरात राहते, गिटमध्ये जाते आणि सर्व सहकाऱ्यांना तोच सांगाडा मिळतो. स्निपेटमध्ये डॉलर चिन्हापुढे १, २ असे आकडे दिले की टॅब कळीने कर्सर त्या क्रमाने उड्या मारतो आणि डॉलर-शून्यावर थांबतो. यातला खरा उपयोगी भाग म्हणजे ‘टीएम_फाइलनेम_बेस’ हा चल, कारण त्याच्या जागी फाइलीचे नाव विस्ताराशिवाय भरले जाते. फंक्शनच्या आणि प्रॉप्सच्या (कॉम्पोनंटला बाहेरून मिळणाऱ्या मूल्यांच्या) टाइपच्या नावात हा चल वापरला की नाव हाताने लिहावेच लागत नाही. फाइल आणि कॉम्पोनंट यांची नावे जुळतील याची काळजी स्निपेटच घेते. सांगाडा मात्र लहान ठेवावा. प्रॉप्सचा टाइप, नाव असलेले फंक्शन, एक व्ह्यू आणि तळाशी स्टाइलशीट एवढे पुरते. यूजइफेक्ट, यूजस्टेट असे सगळे आधीच भरून ठेवणारे स्निपेट मी पाहिले आहे, आणि त्यातून निपजलेल्या फाइलींत न वापरलेले हूक (रिॲक्टची ‘यूज’ने सुरू होणारी फंक्शने) वर्षानुवर्षे तसेच पडून असतात.

परंतु प्रत्यक्षात बहुतेक कॉम्पोनंट कोऱ्या फाइलीत जन्म घेतच नाहीत. ते वाढत गेलेल्या स्क्रीनमधून कापून काढले जातात. या कापण्यातच सर्वाधिक चुका होतात, म्हणून ते एकदा जवळून पाहू. समजा ‘ऑर्डरलिस्टस्क्रीन’मध्ये शोधाची पट्टी आहे: एक व्ह्यू, त्यात एक टेक्स्टइनपुट आणि एक पुसण्याचे बटन. हा तुकडा निवडून कंट्रोल आणि पूर्णविराम दाबला की फंक्शन बाहेर काढण्याचे दोन पर्याय दिसतात. एकात ते फंक्शन याच कॉम्पोनंटच्या आत तयार होते, दुसऱ्यात मॉड्यूलच्या पातळीवर म्हणजे बाहेर. आतला पर्याय मोहक असतो, कारण त्यात प्रॉप्स द्यावे लागत नाहीत. आजूबाजूची सगळी स्टेट हाताशीच असते. पण हे आतले फंक्शन नंतर टॅग म्हणून वापरले की स्क्रीन दर वेळी नव्याने रंगताना रिॲक्टच्या दृष्टीने तो एक संपूर्ण नवा कॉम्पोनंट ठरतो. जुना काढून टाकला जातो, नवा बसवला जातो. परिणाम असा की वापरकर्त्याने शोधपट्टीत एक अक्षर टंकले की टेक्स्टइनपुटचा फोकस जातो आणि कीबोर्ड खाली बसतो. पुन्हा स्पर्श करावा, आणखी एक अक्षर टंकावे, पुन्हा तेच. ‘कीबोर्ड आपोआप बंद होतो’ ही तक्रार घेऊन आलेल्यांपैकी अनेकांच्या फाइलीत मला हेच कारण सापडले आहे. म्हणून नेहमी मॉड्यूल पातळीचाच पर्याय निवडावा.

तो निवडल्यावरही काम अर्धेच होते. एडिटर जे बाहेर काढतो ते साधे फंक्शन असते, कॉम्पोनंट नव्हे: त्याचे नाव ‘न्यूफंक्शन’ असते, त्याला चार-पाच आर्ग्युमेंट ओळीने दिलेली असतात आणि मूळ जागी महिरपी कंसात त्याला हाक मारलेली असते. येथून पुढे तीन पावले हाताने टाकावी लागतात. पहिले, एफ२ दाबून त्याला कॅपिटल अक्षराने सुरू होणारे खरे नाव देणे. दुसरे, फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून पुन्हा कंट्रोल आणि पूर्णविराम दाबणे आणि आर्ग्युमेंटचे एका ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करणारी रिफॅक्टरिंग निवडणे. ती टाइपस्क्रिप्ट फाइलींमध्येच मिळते आणि तिच्यामुळे प्रॉप्सचा आकार तयार होतो. तिसरे, महिरपी कंसातली हाक काढून तेथे टॅग लिहिणे. हे तिसरे पाऊल विसरले तरी ॲप चालते, आणि म्हणूनच ते विसरले जाते. पण मग त्या फंक्शनमध्ये पुढे कोणी हूक लिहिला तर तो हूक पालक कॉम्पोनंटच्या खात्यात मोजला जातो, आणि ती हाक एखाद्या अटीच्या आत असेल तर हूकचा क्रम बिघडून ॲप कोसळते.

त्यानंतर फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून ‘मूव्ह टू अ न्यू फाइल’ निवडावे. एडिटर कॉम्पोनंटच्या नावाची फाइल तयार करतो, लागणारे इम्पोर्ट तेथे नेतो आणि जुन्या फाइलीत नवा इम्पोर्ट घालतो. येथे एक सापळा आहे. स्टाइल जुन्याच फाइलीच्या तळाशी असतील आणि दोन्हीकडे वापरल्या जात असतील, तर एडिटर त्या जुन्या फाइलीतून एक्स्पोर्ट करून नव्या फाइलीत इम्पोर्ट करतो. आता जुनी फाइल नवीला आणि नवी जुनीला इम्पोर्ट करते, आणि मेट्रो हा बंडलर (सगळ्या फाइली एकत्र बांधणारे साधन) ‘रिक्वायर सायकल’ असा इशारा देऊ लागतो. फाइल हलवण्यापूर्वी त्या तुकड्यापुरत्या स्टाइल वेगळ्या स्टाइलशीटमध्ये काढून ठेवल्या की हे टळते.

शोधण्याकडे वळल्यावर, वरचे पाळले असेल तर, सांगण्यासारखे तुलनेने कमी उरते. नाव माहीत असेल तर कंट्रोल+पी. सलग अक्षरे टंकण्याची गरज नाही, नावातील शब्दांची आद्याक्षरे दिली तरी फाइल वर येते, आणि जागा सोडून फोल्डरच्या नावाचा तुकडा जोडला तर यादी आणखी आटते. त्याच चौकटीत @ टंकले की चालू फाइलीतील सिम्बॉल, # टंकले की प्रकल्पभरातील सिम्बॉल आणि : टंकून आकडा दिला की ती ओळ. टॅगवर कर्सर ठेवून एफ१२ दाबले की व्याख्या उघडते. ऑल्ट+एफ१२ दाबले तर ती आहे त्याच जागी छोट्या खिडकीत दिसते, आणि केवळ प्रॉप्स पाहायचे असतील तेव्हा मला हेच जास्त सोयीचे वाटते. शिफ्ट+एफ१२ सगळे वापर दाखवते, तेही इम्पोर्ट करताना नाव बदललेले असले तरी, कारण हा शोध शब्दाचा नसून अर्थाचा असतो. मॅकवर कंट्रोलऐवजी बहुतेक ठिकाणी कमांड घ्यावे. या सर्वांपेक्षा दुर्लक्षित कळ म्हणजे परतीची: विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण, मॅकवर कंट्रोल आणि आडवी रेघ. चार पातळ्या खोल जाऊन त्याच वाटेने माघारी येता येते हे ठाऊक नसल्यामुळे लोक प्रत्येक उडीनंतर डावीकडच्या झाडात आपली जुनी फाइल शोधत राहतात.

एफ१२ काही ठिकाणी निराश करते. बाहेरच्या पॅकेजमधल्या कॉम्पोनंटवर दाबले तर फक्त टाइपची घोषणा उघडते. खरा कोड हवा असेल तर कर्सरवर उजवी क्लिक करून ‘गो टू सोर्स डेफिनिशन’ निवडावे, ही सोय टाइपस्क्रिप्ट ४.७ पासून, म्हणजे २०२२ पासून आहे. दुसरे ठिकाण खास मोबाइलचे आहे. एकाच कॉम्पोनंटच्या, नावाला आयओएस आणि अँड्रॉइड असा प्रत्यय लावलेल्या दोन फाइली असतात आणि इम्पोर्टमध्ये प्रत्ययाविना नाव लिहिलेले असते. मेट्रोला ते समजते, टाइपस्क्रिप्टला मात्र ‘मॉड्यूल सफिक्सेस’ ही सेटिंग दिल्याशिवाय समजत नाही. ही सेटिंगही ४.७ मध्येच आली. ती दिल्यावर एफ१२ यादीतील पहिल्या प्रत्ययाची फाइल उघडते आणि दुसरी गुपचूप मागे राहते. आयओएसमध्ये दुरुस्त झालेली चूक अँड्रॉइडमध्ये तशीच राहण्याचे हे नेहमीचे कारण आहे, म्हणून अशा फाइलींसाठी मी एफ१२वर विसंबत नाही, कंट्रोल+पी दाबून दोन्ही उघडतो. तिसरे ठिकाण म्हणजे मार्गांची टोपणनावे. टाइपस्क्रिप्टच्या कॉन्फिग फाइलीत ‘पाथ्स’ लिहिले की एडिटर खूश होतो आणि उड्याही बरोबर मारतो, पण ॲप चालवले की मॉड्यूल सापडत नाही, कारण साध्या रिॲक्ट नेटिव्ह प्रकल्पात मेट्रो ती फाइल वाचत नाही. तीच टोपणनावे बॅबल या कोड रूपांतरित करणाऱ्या साधनाच्या मॉड्यूल रिझॉल्व्हर प्लगिनमध्येही लिहावी लागतात. एक्स्पो या रिॲक्ट नेटिव्हवरच्या चौकटीच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये हे आपोआप होते.

राहिला प्रश्नाचा शेवटचा भाग: स्क्रीनवर दिसते, पण नाव ठाऊक नाही. सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मेनू उघडून (आयओएसवर कमांड+डी, अँड्रॉइडच्या एम्युलेटरवर कंट्रोल किंवा कमांड+एम) एलिमेंट इन्स्पेक्टर सुरू करावा आणि हव्या त्या भागाला स्पर्श करावा. कॉम्पोनंटची साखळी नावांसह दिसते, आणि त्यातील आपले ओळखीचे नाव कंट्रोल+पीमध्ये टंकावे. आत नाव असलेली फंक्शने लिहिण्याचा लाभ येथे रोख मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे दिसणारा मजकूर कंट्रोल+शिफ्ट+एफने शोधणे. ॲप अनेक भाषांत असेल तर हा शोध भाषांतराच्या फाइलीत जाऊन थांबतो. तेथून त्या ओळीचे सांकेतिक नाव उचलून दुसरा शोध करावा लागतो. हे सांकेतिक नाव कोडमध्ये तुकडे जोडून बनवले असेल तर दुसरा शोध रिकामा जातो, आणि म्हणून भाषांतराची सांकेतिक नावे मी नेहमी अखंड लिहितो, मग त्यासाठी चार ओळी जास्त लागल्या तरी चालतील.

इतर एडिटरमध्ये कळा बदलतात, रीत बदलत नाही. अँड्रॉइड स्टुडिओत शिफ्ट दोनदा दाबले की सर्वत्र शोध उघडतो, कंट्रोल+बी व्याख्येवर नेते आणि ऑल्ट+एफ७ वापर दाखवते. एक्सकोडमध्ये कमांड+शिफ्ट+ओ हे कंट्रोल+पीचे काम करते. फ्लटर ही दुसरी चौकट वापरणाऱ्यांची कापण्याची अडचण मात्र बरीच हलकी आहे: ‘एसटीलेस’ किंवा ‘एसटीफुल’ टंकून विजेटचा (फ्लटरमधल्या कॉम्पोनंटचा) सांगाडा मिळतो, आणि ‘एक्स्ट्रॅक्ट विजेट’ ही रिफॅक्टरिंग निवडलेल्या भागाचा थेट स्वतंत्र विजेट वर्ग तयार करून मूळ जागी त्याची हाक घालते, त्यामुळे वर सांगितलेली तीन पावले तेथे टाकावी लागत नाहीत.